ह्यूमच्या पंगतीला

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा ‘ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’ शिकवताना पहिल्या भागाचं शेवटचं प्रकरण आलं की वर्ग दरवर्षी जागा व्हायचा. तोवर ह्यूमने सगळंच मोडीत काढलेलं असतं. एका घटनेमागून दुसरी येते हे दिसतं, पण दोघींना बांधणारी दोरी कधीच दिसत नाही. आत डोकावून ‘मी’ शोधावा तर आठवणी, वेदना, इच्छा एकामागून एक जाताना दिसतात. त्यांचा धनी सापडत नाही. आपण पाहत नसताना जग असतं, याचा पुरावा बुद्धीपाशी नाही. इथवर आल्यावर ह्यूम स्वतःच हादरतो. आपण कोण, कुठे, कुणाच्या आधाराने उभे, हेच त्याला कळेनासं होतं. आणि मग तो सांगतो की हा अंधार बुद्धीने हटत नाही. तो हटतो मित्रांबरोबर जेवल्याने, बॅकगॅमनचा डाव मांडल्याने, गप्पा आणि हसण्याने. असे तीन-चार तास गेले की पुन्हा त्या विचारांकडे वळावंसंही वाटत नाही, इतके ते कोरडे आणि ओढूनताणून आणलेले वाटतात.

यावर एखादी मुलगी हमखास विचारायची, “मॅडम, हे उत्तर झालं का? हे तर पळून जाणं झालं.”

प्रश्न रास्त आहे आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत त्याच्यावर बरीच शाई खर्च झाली आहे. मला मात्र तो ह्यूमच्या गावात बसून सोडवावासा वाटत होता. भाची त्याच गावी, एडिनबरोला, नोकरीला आहे. निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा ठरवलं की किल्ला आणि राजवाडा पुढे बघू, आधी या गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी जिथे एकमेकांसमोर बसतात ते जुने पब पाहायचे. मी माळकरी आहे. घरात वारी आहे, तुळशीची माळ मी कॉलेजात असताना स्वतःहून घातली. दारूला हात लावलेला नाही, लावायचाही नाही. प्रत्येक ठिकाणी मी सोडा अँड लाइम मागायचे, तो लगेच मिळायचा, आणि ‘एवढंच?’ असं कुणी विचारलं नाही.

सुरुवात कॅफे रॉयलपासून केली. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकामागे वेस्ट रजिस्टर स्ट्रीट नावाची लहानशी गल्ली आहे, तिथे ही १८६३ची इमारत. मुळात ती गॅसच्या आणि न्हाणीघराच्या सामानाचं दालन म्हणून बांधलेली. आत मधोमध लंबगोल बार, चहूबाजूंनी माणसं उभी, आणि भिंतींवर डोल्टन कंपनीच्या रंगवलेल्या फरश्यांची मोठमोठी चित्रं: वाफेच्या यंत्राशी झटणारा जेम्स वॉट, मायकेल फॅरडे, बेंजामिन फ्रँकलिन, छपाईवाला कॅक्स्टन, रेल्वेचा स्टीव्हन्सन, रॉबर्ट पील. चित्रकार जॉन आयर. शेजारच्या ऑयस्टर बारमध्ये रंगीत काचांच्या खिडक्या आहेत आणि त्यांत खेळाडू आहेत.

त्या काचांखाली बसून मी बराच वेळ वर पाहत होते. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर, तिचा पुढारी जॉन नॉक्स याच्या या शहरात चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं गेली. प्रार्थनेची जागा उघडीबोडकी हवी, डोळ्यांनी देव शोधायचा नाही, शब्द ऐकायचा, असा तो कडक पंथ. सेंट जाइल्स चर्चमध्ये आज ज्या रंगीत काचा दिसतात त्या एकोणिसाव्या शतकात पुन्हा बसवायला सुरुवात झाली. त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून या गावच्या कारागिरांनी पबांतही काच, फरशी, महोगनी, पितळ यांची अशी आरास केली. टोलक्रॉसच्या बेनेट्स बारमध्ये ती १९०६च्या सुमाराची सजावट अजून तशीच आहे. टेबलांवर शहराचे जुने नकाशे आहेत, दारापाशी एक इवलासा कप्पा आहे.

त्या कप्प्यापाशी मी थांबले. अशा आडोशाच्या खोलीला तिथे ‘स्नग’ म्हणतात. पबमध्ये बाईने उघडपणे बसणं जेव्हा मान्य नव्हतं, तेव्हा बायका अशा कप्प्यांत बसत. ज्यांना दिसायचं नसे असे पुरुषही तिथेच बसत. शहराच्या दक्षिणेला रॅटक्लिफ टेरेसवर लेस्लीज बार आहे. तो १८९०च्या दशकाच्या अखेरीचा, पी. एल. हेंडरसन या वास्तुविशारदाचा. तिथे तर बारच्या एका बाजूला कोरीव लाकडाची आख्खी भिंत आहे आणि तिला रेल्वेच्या तिकीट खिडक्यांसारख्या बुटक्या झरोक्यांची रांग आहे. वाकून मागणी सांगायची, पेला घ्यायचा. पलीकडच्याला चेहरा दिसत नाही. कामाचा नमुना म्हणून ती भिंत अप्रतिम आहे. तिच्यासमोर बसून मात्र मला एकच विचार छळत राहिला: माणसाने माणसापासून तोंड लपवावं म्हणून एवढं सुंदर सुतारकाम.

लपवण्याचं हे शिक्षण कायद्यानेही दिलं. १८५३च्या फोर्ब्ज मॅकेन्झी कायद्याने स्कॉटलंडमधले पब रात्री अकराला आणि रविवारी पूर्ण बंद झाले. रविवार देवाचा. अपवाद खऱ्या प्रवाशाचा: त्याला हॉटेलात पेय मिळे. मग लोक शेजारच्या गावी जात आणि आपण प्रवासी असल्याचं वहीत लिहून देत. रविवारी पब उघडायला परवानगी मिळाली ती १९७६च्या कायद्याने. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, देवाच्या दिवशी, माणसं देवाच्या नावाने केलेल्या कायद्यापायी खोटं लिहीत होती. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्याचं रक्षण आणि जोपासना व्हावी म्हणून. दुकानाच्या काउंटरवर एका दिवसाचा परवाना घेणारा आणि देणारा, दोघांनाही ठाऊक असतं की आरोग्याचा इथे संबंध नाही.

माझी माळ ही कुणाची सक्ती नाही, म्हणून तिला वजन आहे. व्रत स्वतः घेतलेलं असेल तर ते मोडण्याची मुभा असते आणि तरी मोडलं जात नाही. त्याचं सगळं सत्त्व तिथे आहे. चर्चने आणि सरकारने ते सत्त्वच काढून घेतलं आणि कुलूप लावलं. दुहेरी जगण्याची आठवण तर इथे एका पबच्या नावातच आहे: लॉनमार्केटच्या कोपऱ्यावर डीकन ब्रॉडीज टॅव्हर्न आहे. विल्यम ब्रॉडी हा दिवसा सुतारांच्या संघाचा प्रमुख आणि नगरसभेचा सदस्य, रात्री घरफोड्या करणारा. १७८८च्या ऑक्टोबरात त्याला फाशी झाली. पुढे याच शहरातल्या लेखक स्टीव्हन्सनने एकाच माणसाच्या दोन चेहऱ्यांची, जेकिल आणि हाइडची गोष्ट लिहिली. सगळा दोष धर्माच्या जाचावर टाकायला मी धजत नाही, ब्रॉडीला जुगाराचं व्यसन होतं. पण ज्या गावात उजळ चेहरा एवढा महाग होता तिथे दुसरा चेहरा तयार व्हावा, याचं मला नवल वाटत नाही.

ह्यूम याच भागात राहिला. आधी रिडल्स लँड, मग कॅननगेट, आणि १७६२पासून जेम्स कोर्ट. त्याचं घर जिथे होतं तो भाग पुढे आगीत गेला. पण त्याच चौकात, पायऱ्या उतरून गेलं की जॉली जज नावाचा ठेंगणा पब आहे. छताच्या तुळयांवर फुलं आणि फळं रंगवलेली आहेत. हिवाळ्यात तिथे शेगडी पेटलेली असते. माझी वही मी तिथेच भरली.

ह्यूमचं ते संकट नुसतं कागदावरचं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना अखंड वाचन-चिंतनाने तो खरोखर आजारी पडला. १७३४ साली एका डॉक्टरसाठी लिहिलेल्या पत्रात त्याने सगळी हकिगत मांडली आहे. त्याआधीच्या वैद्याने निदान केलं होतं की हा विद्वानांना होणारा आजार आहे, आणि उपाय सांगितला होता कडू काढा, गोळ्या, रोज घोड्यावरून रपेट आणि रोज एक पाइंट क्लॅरेट, म्हणजे तांबडी वाइन. (आरोग्यासाठी दारूचा परवाना, असं म्हणायला हवं.) तो पुढे सुधारला. पण त्याच्या ग्रंथातलं ते प्रकरण वाचा: तिथे वाइनचा उल्लेख औषध म्हणून नाही. तिथे जेवण आहे, डाव आहे, संभाषण आहे, मित्र आहेत. तरुणपणी वैद्याने सांगितलेला पेला गळून पडला आणि टेबल तेवढं उरलं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

ते टेबल कसं होतं हे आपल्याला माहीत आहे, कारण त्याभोवती बसणाऱ्या एकाने आठवणी लिहून ठेवल्या. अलेक्झांडर कार्लाइल, इन्व्हरेस्कच्या चर्चचा धर्मगुरू. १७६२ साली सुरू झालेला पोकर क्लब आधी मरकॅट क्रॉसजवळच्या निकल्सनच्या खानावळीत भरे. स्कॉटलंडला स्वतःचं नागरी सैन्य हवं, ही त्यांची मागणी, पण बोलणं सगळ्याच विषयांवर चाले. दुपारी दोनला जेवण, माणशी एक शिलिंग; पेय म्हणून फक्त शेरी आणि क्लॅरेट; सहा वाजता हिशेब मागवायचा. त्या पंगतीला ह्यूम असे. अ‍ॅडम फर्ग्युसन असे, जो पूर्वी सैन्यात धर्मगुरू होता. स्वतः कार्लाइल असे. चमत्कारांवर विश्वास ठेवायला बुद्धीला आधार नाही असं छापून मोकळा झालेला माणूस आणि दर रविवारी व्यासपीठावरून त्याच चमत्कारांचं पुस्तक उघडणारे, हे मांडीला मांडी लावून जेवत होते.

अशा संगतीचं फळ पोकर क्लबच्या आधीच दिसलं होतं. १७४५मध्ये ह्यूमला एडिनबरो विद्यापीठात प्राध्यापकी मिळू दिली नव्हती, नास्तिकपणाचा बोभाटा करून. १७५५-५६ला चर्चच्या सर्वोच्च सभेपुढे मागणी आली की या माणसावर धार्मिक कारवाई करा. ती बारगळली, आणि ती बारगळवणाऱ्यांत ह्यू ब्लेअर, विल्यम रॉबर्टसन यांच्यासारखे धर्मगुरूच पुढे होते. १७५४ला स्थापन झालेल्या सिलेक्ट सोसायटीत ते ह्यूमबरोबर बसत होते. ह्यूमचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, मरेपर्यंत पटलं नाही. पण ज्याच्याबरोबर आपण बसतो त्याला जाळ्यात पकडून देता येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

इथे थांबून मला थॉमस एकेनहेडचं नाव घ्यायलाच हवं, नाहीतर माझं बोलणं फार गुळगुळीत होईल. हाही एडिनबरोचाच विद्यार्थी, वीस वर्षांचा, आईबाप नसलेला. बायबल, त्रैक्य, ख्रिस्ताचे चमत्कार यांबद्दल तो सोबत्यांत बोलला. थंडीच्या रात्री ट्रॉन चर्चजवळून जाताना ‘यापेक्षा नरक बरा, तिथे ऊब तरी मिळेल’ अशा अर्थाचं काहीतरी बोलला. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती बरोबरच्या विद्यार्थ्यांनी. त्याने माफी मागितली, गयावया केली. चर्चने रदबदली केली तर शिक्षा लांबवू, असं प्रिव्ही कौन्सिलचं म्हणणं होतं. चर्चने रदबदली केली नाही, उलट कडक अंमलबजावणीचा आग्रह धरला. ८ जानेवारी १६९७ला लीथच्या रस्त्यावर त्याला फाशी दिलं. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये दिलेली ती शेवटची फाशी. ह्यूमच्या जन्माला तेव्हा चौदा वर्षं अवकाश होता.

म्हणजे सोबत ही आपोआप तारत नाही. एकेनहेडलाही सोबत होतीच. तिनेच त्याला दोरापर्यंत नेलं. फाशीपासून ह्यूमच्या सुटकेपर्यंत साठ वर्षं गेली आणि या साठ वर्षांत राजकारण बदललं, इंग्लंडशी एकत्रीकरण झालं, व्यापार वाढला, हे सगळं खरं. तरी माझं मत असं की एक गोष्ट याखेरीज घडली: चुकणाऱ्याबरोबर, निदान आपल्या मते चुकणाऱ्याबरोबर, नियमाने जेवायला बसण्याची सवय काही धर्मगुरूंनी लावून घेतली. कायदा जागचा हलला नव्हता. हलली होती ती माणसं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. जेवण, डाव, गप्पा हे उत्तर आहे की पळवाट?

उत्तर आहे, असं मी आता ठामपणे म्हणते. ‘पळवाट’ म्हणणारा गृहीत धरतो की शंकेला उत्तर युक्तिवादानेच द्यायचं असतं. पण ह्यूमने आख्ख्या ग्रंथात हेच तर दाखवलं आहे की आपले मूळ विश्वास युक्तिवादातून आलेलेच नाहीत. उद्या सूर्य उगवेल, समोरच्याला दुखतं, मी कालचाच मी आहे, हे आपण सिद्ध करून मानत नाही. जगता जगता, सवयीने, एकमेकांच्या संगतीने मानतो. विश्वास जिथे जन्मतो तिथेच त्याची डागडुजी होणार. मग मित्रांबरोबरचं जेवण ही तत्त्वज्ञानातली सुट्टी ठरत नाही. तो ह्यूमच्या सिद्धान्ताचा प्रयोग ठरतो, आणि तो प्रयोग यशस्वी झाल्याचं तो प्रांजळपणे नोंदवतो.

दुसरी गोष्ट मला लेस्लीजमध्ये उमगली. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर रोज एक म्हातारे गृहस्थ बसत. एका संध्याकाळी खुर्ची रिकामी होती. बारमागच्या बाईने दोनदा घड्याळ पाहिलं, इतर दोघांना विचारलं आणि मग त्यांच्या घरी फोन लावला. पाय मुरगळला होता, एवढंच. पण मी ह्यूमचा विचार करत होते. आत शोधून त्याला धनी सापडला नाही. त्या म्हाताऱ्यांचा ‘मी’ मात्र त्या क्षणी त्यांच्या आत नव्हताच; तो तीन माणसांच्या काळजीत होता. ते काल काय बोलले हे कुणाला तरी लक्षात होतं, आज ते नाहीत हे कुणाला तरी जाणवत होतं. आपल्याला बांधून ठेवणारी दोरी दुसऱ्यांच्या हाती असते. ती बुद्धीला आत शोधून कशी सापडेल?

माझ्या आजोबांना हे ह्यूमशिवाय ठाऊक होतं. देव आहे का, असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं नाही; दिंडी कधी निघते, एवढंच विचारत. वारीत चालताना शंका मिटत नाहीत, पण त्यांचा काटा बोथट होतो, हा माझाही अनुभव आहे. तरी दिंडी आणि पोकर क्लब एकच, असं मी म्हणणार नाही. दिंडीतल्या सगळ्यांची तोंडं पंढरीकडे असतात. निकल्सनच्या टेबलावर तोंडं फक्त एकमेकांकडे होती, आणि म्हणून श्रद्धावान आणि संशयी दोघांना तिथे जागा होती. पहिल्या सोबतीत अधिक आनंद आहे, हे मी मनापासून सांगेन. दुसरीत अधिक धैर्य लागतं.

आणि प्रत्येक सोबतीचा उंबरठा तपासावा लागतो. चोखोबांची समाधी देवळाबाहेर पायरीशी आहे. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. पोकर क्लबच्या पंगतीला बाई नव्हती. माझ्यासारखीला फार तर स्नग मिळाला असता. कुणाला बसू दिलं नाही हे विचारल्याशिवाय कुठल्याही टेबलाचं कौतुक करू नये.

राहिला प्रश्न दारूचा. तो बाजूला ढकलणं अप्रामाणिकपणा होईल. स्कॉटलंडमध्ये २०२३ साली थेट दारूमुळे १,२७७ माणसं मेली. सरकारने २०१८मध्ये दारूच्या प्रत्येक एककाला किमान ५० पेन्स किंमत ठरवली, २०२४मध्ये ती ६५ पेन्स केली. एक गोष्ट लक्षात घ्यावी: तिथली बहुतेक दारू आता पबमध्ये विकली जात नाही. ती सुपरमार्केटमधून घरी जाते. बाटली राहिली, टेबल गेलं. चर्चची गतही वेगळी नाही. २०२२च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं नोंदवलं. ज्या दोन जागांनी शतकानुशतकं एकमेकींशी भांडण केलं त्या दोन्ही रिकाम्या होत चालल्या आहेत, आणि माणूस घरी एकटा बसला आहे. ह्यूमला ज्या खोलीत भीती वाटली, ती हीच खोली.

एडिनबरोला जाणाऱ्या मराठी माणसांना माझं सांगणं आहे. दारू पीत नसाल तरी या जागा टाळू नका. कॅफे रॉयलला दुपारी जा, गर्दी कमी असते, चित्रं नीट दिसतात. लेस्लीजच्या त्या झरोक्यांसमोर बसा. ज्याच्याशी तुमचं देवाधर्मावरून पटत नाही अशा कुणाला तरी बरोबर घेऊन जा, आणि पोकर क्लबसारखं दोनपासून सहापर्यंत बसा. ह्यूमची कबर ओल्ड कॅल्टन दफनभूमीत आहे, रॉबर्ट अ‍ॅडमने बांधलेल्या गोल मनोऱ्यात. कॅफे रॉयलच्या दारातून ती पायी पाच-सात मिनिटांवर आहे.